स्विमिंग पूलचं प्लास्टर झिजतंय? या चुका टाळा

पावसाळा संपला की पूलमध्ये उतरून एकदा पायरीवरून तळहात फिरवून बघा. पॉलिश पेपरवरून फिरवल्यासारखा खरखरला आणि वर पांढरी पूड लागली, तर प्लास्टरमधला चुना पाण्यात चालला आहे. कर्जतकडच्या एका फार्महाउसवर मी हेच पाहिलं. पाणी नितळ, क्लोरीन बरोबर, पीएच ७.४. त्यामुळे कुणाला शंकाच आली नव्हती. हार्डनेस, म्हणजे पाण्यातलं कॅल्शियमचं प्रमाण, मात्र जेमतेम ६० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम)!

बहुतेक जण फसतात ते इथेच. साध्या किटमध्ये क्लोरीन आणि पीएच एवढंच तपासता येतं. पाण्यात कॅल्शियम कमी असलं की पाणी ते सिमेंटमधून ओढून घेतं. टाइल्सचा पूलही यातून सुटत नाही, तिथे टाइल्सच्या फटीतलं ग्राउट पोकळ होतं. हार्डनेस २०० ते ४०० पीपीएम, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची क्षमता) ८० ते १२० पीपीएम आणि पीएच ७.४ ते ७.६, हे तिन्ही आकडे एकत्र बघा.

आपल्याकडे हे गणित बिघडवतो तो पाऊस. त्याच्या पाण्यात कॅल्शियम जवळपास नसतंच. चार महिने पूल भरून वाहतो आणि कमावलेली हार्डनेस त्याबरोबर निघून जाते. म्हणून सप्टेंबरअखेरीस ती मोजायचीच. कोकणात जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मुळातच हलकं, देशावरच्या बोअरचं बहुधा जड. तेव्हा दुसऱ्याच्या पूलचं प्रमाण उचलू नका.

तूट भरायला कॅल्शियम क्लोराइड वापरा. ५०,००० लिटरच्या पूलमध्ये १०० पीपीएम वाढवायला ७७ टक्क्यांचं साधारण साडेसात किलो लागतं. ते दोन-तीन दिवसांत विभागून घाला. बादलीत आधी पाणी, मग पावडर, कारण विरघळताना बादली चांगलीच तापते. त्याच दिवशी अल्कलिनिटी वाढवायला सोडा घातलात तर पाणी दुधासारखं होईल.

ट्रायक्लोरची, म्हणजे सावकाश विरघळणाऱ्या क्लोरीनची, गोळी पायरीवर ठेवू नका. ती आम्लधर्मी असते, खालचं प्लास्टर खाते, फ्लोटरमध्येच, म्हणजे तरंगत्या डबीतच, ठेवा. पीएच उतरवायचं ॲसिडही एका कोपऱ्यात ओतू नका. ते जड असल्यामुळे तळाशी बसतं. पातळ करून, पंप चालू ठेवून घाला.

सगळ्यांत महागात पडते ती वेगळीच चूक: खरखर म्हणजे क्षार समजून ॲसिड वॉश करणं, म्हणजे प्लास्टर ॲसिडने धुणं. कर्जतला ॲसिडचे कॅन येऊन पडलेही होते, ते मी परत पाठवायला लावले. क्षार वर चढलेला असतो, बारीक पॉलिश पेपरने घासला की खाली गुळगुळीत प्लास्टर लागतं. झिजलेल्या जागी बारीक खड्डे असतात. तिथे ॲसिड म्हणजे उरलासुरला थरही घालवणं.

प्लास्टर नवं असेल तर पहिले २८ दिवस जास्त जपा. भरायचं पाणी आधी तपासा, अल्कलिनिटी कमी असली तर खाण्याचा सोडा घाला, आणि भरायला लागल्यावर मध्ये थांबू नका. थांबलात तिथे रेघ उमटते.