पेशवाईतली फौज चालवायची तर: नेमणुका आणि रसद

समजा 1760 च्या आसपासची मराठी फौज तुम्हाला उभी करायचीय, कथेसाठी असो, वॉरगेमसाठी असो नाहीतर नुसतं समजून घ्यायला, तर तलवारी तोफा जरा बाजूला ठेवा आणि पैसा कुठून येणार, तो मोजणार कोण, हे आधी ठरवा.

सरदाराला महिन्याचा पगार नसतो, त्याला सरंजाम लावून द्यायचा, म्हणजे ठराविक महालांचा (महसुलासाठी पाडलेल्या मुलखाच्या भागांचा) वसूल त्याने घ्यायचा आणि त्या बदल्यात ठरलेले स्वार घेऊन चाकरीला यायचं. सनद (नेमणुकीचा लेखी हुकूम) द्या, मानाची वस्त्रं द्या, पण स्वारांचा आकडा सनदेत स्पष्ट हवा, नंतरची भांडणं त्यावरच होतात. आणि त्याच्याकडचे दरकदार, म्हणजे हिशेब-कागद सांभाळणारे फडणीस मुजुमदार वगैरे अधिकारी, सरकारातूनच नेमा आणि त्यांना काढायचा हक्क सरदाराला देऊ नका. माझ्या मते अख्ख्या सिस्टीममधली सगळ्यात हुशार गोष्ट हीच आहे! किल्ल्यावर पण तसंच, किल्ला हवालदाराकडे, हजेरी सबनिसाकडे, कोठार कारखानिसाकडे, म्हणजे एकटा फितला तरी किल्ला जात नाही.

मग गणती. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी किंवा सरदाराचा, दोघांची यादी वेगळी ठेवा. शिलेदाराला मोहिमेआधी नालबंदी म्हणून ॲडव्हान्स द्यावा लागतो, तो घोडा समोर आणून, रंग-खुणा लिहून घेतल्यावरच द्या, नाहीतर कागदावर घोडा आणि पागेत काहीच नाही. रोजमुरा, म्हणजे चाकरीचा चालू पगार, थकवायचा नाही. महादजी शिंद्यांनी 1784 पासून द बॉयन ह्या युरोपियन अधिकाऱ्याकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या आणि पुढे त्यांच्या खर्चाला दोआबातला (गंगा-यमुनेमधला) मुलूखच लावून दिला, पगार वेळेवर होता म्हणून ती माणसं टिकून लढली.

आता रसद. दसऱ्याला निघा, तेव्हा शेतात पीक आणि रानात वैरण असते, आणि पावसाआधी परत या किंवा छावणी करा. धान्य वंजाऱ्यांच्या बैलतांड्यांवर येतं, त्यांच्याशी भाव आधी ठरवा, रोख द्या, आणि आपल्याच पेंढाऱ्यांनी तांडा लुटला तर कडक शिक्षा करा, कारण एकदा लुटला की तो तांडा पुन्हा तुमच्या बाजारात येणार नाही. वैरणीला कही, म्हणजे चारा आणणारी टोळी, पाठवाल तेव्हा सोबत स्वार द्या. लांबच्या मुलखात पैसा हुंडीने मागवा, पण तिथे हुंडी वटवणारा सावकार आहे का ते निघायच्या आधी बघा. बाजारबुणगे (फौजेमागून फिरणारी न लढणारी माणसं) आणि यात्रेकरू मागे ठेवा, त्यांनाही रोज खायला लागतंच.

पानिपतला नेमकं हेच सगळं एकत्र आलं. ऑक्टोबर 1760 मध्ये कुंजपुऱ्याला धान्य हाती लागलं, पण अब्दाली बागपतला यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर आला, डिसेंबरात फौजेला रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि 14 जानेवारी 1761 ला भाऊसाहेबांची फौज उपाशीपोटी लढायला बाहेर पडली.

ह्याच्या उलट जानेवारी 1779 मध्ये वडगावला झालं. पुण्यावर चालून येणाऱ्या इंग्रजांच्या वाटेवरचं धान्य-वैरण मराठ्यांनी आधीच हलवली, जाळली, तळेगाव पण रिकामं करून पेटवून दिलं, शेवटी इंग्रजांनी जड तोफा तळ्यात टाकल्या आणि मागे फिरले. असं करायचं असेल तर हलके स्वार वेगळे काढून ठेवा, आणि जी गावं जाळावी लागली त्यांना पुढच्या वसुलात सूट लिहून द्या.