दिवाणखान्यात टेनिस, बॅडमिंटन आणि बोलिंग: हालचालींवर चालणारे क्रीडा व्हिडिओ गेम घरी कसे खेळावेत

निन्टेंडो कंपनीने २००६ च्या अखेरीस 'वी' हे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याचे यंत्र, बाजारात आणले आणि जपान व दक्षिण कोरिया वगळता बहुतेक ठिकाणी त्याच्यासोबत 'वी स्पोर्ट्स' हा गेमही दिला. टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग या पाच खेळांच्या त्या गेमच्या आठ कोटींहून अधिक प्रती घरोघरी पोहोचल्या. आज तशाच प्रकारे खेळायचे असल्यास निन्टेंडोच्याच 'स्विच' या कन्सोलवर चालणारा, २०२२ मध्ये आलेला 'निन्टेंडो स्विच स्पोर्ट्स' हा गेम सर्वांत सोयीचा पर्याय आहे. म्हणून हे मार्गदर्शन प्रामुख्याने त्यालाच धरून केले आहे आणि जुने वी बाळगणाऱ्यांसाठी आवश्यक तेथे वेगळी सूचना दिली आहे.

आधी कंट्रोलर समजून घ्यावा

स्विचच्या 'जॉय-कॉन' या लहान कंट्रोलरमध्ये दोन प्रकारचे सेन्सर असतात. ॲक्सेलरोमीटर हाताचा वेग किती झपाट्याने बदलला हे ओळखतो, तर जायरोस्कोप मनगट कोणत्या दिशेला आणि किती वळले हे सांगतो. वीच्या मूळ रिमोटमध्ये यांपैकी फक्त पहिला सेन्सर होता. जायरोस्कोपची जोड २००९ मध्ये 'मोशन प्लस'च्या रूपाने मिळाली. खेळणारा खोलीत नेमका कोठे उभा आहे, हे या सेन्सरना कळत नाही. टेनिसमध्ये पडद्यावरचा खेळाडू चेंडूकडे आपोआप धावतो, आपल्याला केवळ फटका मारायचा असतो. एवढी एक गोष्ट घरातल्या सर्वांना खेळापूर्वी समजावून सांगितली, तर निम्मी धावपळ आणि त्यातून होणारे बहुतेक अपघात टळतात.

यंत्राची जोडणी

आपल्याकडे स्विच बहुधा आयात करून विकणाऱ्या दुकानदाराकडून घेतले जाते किंवा परदेशातले नातेवाईक येताना घेऊन येतात. स्विचचा मूळ अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालत असल्यामुळे केवळ पिन बदलणारा कन्व्हर्टर पुरतो. वीची गोष्ट वेगळी आहे: अमेरिकेतून आणलेल्या वीचा अडॅप्टर तिथल्या १२० व्होल्टसाठी बनवलेला असतो आणि तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावल्यास जळतो, त्यामुळे व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर किंवा २३० व्होल्टचा अडॅप्टर घ्यावाच लागतो. शिवाय वीच्या डिस्क त्या त्या प्रदेशापुरत्याच चालतात, स्विचच्या गेमना हे बंधन नाही.

'स्विच लाइट' या लहान आवृत्तीचे कंट्रोलर यंत्रापासून सुटे होत नाहीत आणि ती टीव्हीलाही जोडता येत नाही, म्हणून या कामासाठी ती विकत घेऊ नये. नेहमीच्या स्विचसोबत जॉय-कॉनची एक जोडी मिळते आणि टेनिस, बॅडमिंटन किंवा बोलिंगसाठी प्रत्येकाला एकच कंट्रोलर लागत असल्यामुळे दोघांचा खेळ तेवढ्यावर होतो. चौघांना एकत्र खेळायचे असल्यास दुसरी जोडी घ्यावी लागते.

कन्सोलचा डॉक, म्हणजे ते टीव्हीला जोडणारा स्टँड, टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटात दडवू नये, कारण कंट्रोलर ब्लूटूथवर चालतात आणि मध्ये धातू आला की त्यांचे संदेश अडखळतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' अवश्य सुरू करावा. चित्र अधिक सुबक करण्यासाठी टीव्ही जी प्रक्रिया करतो तिच्यात काही क्षण जातात, आणि मग चेंडू बॅटजवळ दिसतो तेव्हा खेळाच्या हिशेबाने तो पुढे निघून गेलेला असतो. आपला नेम चुकतो आहे असे वाटणाऱ्या अनेकांची अडचण खरे तर एवढीच असते.

वी वापरणाऱ्यांनी सेन्सर बार टीव्हीच्या बरोबर वर किंवा खाली, मध्यभागी ठेवावा. नावाप्रमाणे तो काही टिपत नाही. त्यात फक्त इन्फ्रारेड दिवे असतात आणि रिमोटच्या टोकावरचा कॅमेरा ते पाहतो. म्हणूनच टीव्हीशेजारी समई किंवा मेणबत्ती तेवत असेल, किंवा खिडकीतून थेट ऊन येत असेल, तर पडद्यावरचा हाताचा बाण भरकटू लागतो.

जागेची तयारी

या खेळांत सर्वाधिक काळजी जागेची घ्यावी लागते आणि नेमकी तिथेच घाई केली जाते. कंट्रोलर हातात धरून, हात पूर्ण लांब करून, जागच्या जागी एक संथ गिरकी घ्यावी. हात कशालाही लागला नाही, तर चारी बाजूंना आणखी एक पाऊल जागा सोडावी. दोघे खेळणार असतील तर दोघांनी एकाच वेळी हात पसरून पाहावे. उजवा आणि डावखुरा शेजारी उभे राहिल्यास दोघांच्या बॅटचे हात आतल्या बाजूला येणार नाहीत, अशा बाजू निवडाव्यात. टीपॉय, कुंड्या आणि खुर्च्या दुसऱ्या खोलीत न्याव्यात. काचेच्या शोकेससमोर तर उभेच राहू नये.

आपल्या घरांत एक गोष्ट हटकून विसरली जाते, ती म्हणजे छताचा पंखा. साडेपाच फूट उंचीच्या माणसाने हात वर केला की तो सुमारे सात फुटांवर पोहोचतो. त्यात कंट्रोलरची लांबी आणि उत्साहात मारलेली उडी मिळवली, की कमी उंचीच्या छताखाली फिरणारी पाती फार दूर राहत नाहीत. बॅडमिंटनचा स्मॅश आणि व्हॉलीबॉलमधली उडी या दोन्हींत हात सरळ डोक्यावर जातो. त्यामुळे पंख्याच्या बरोबर खाली उभे राहू नये, किंवा तो बंद करून कोपऱ्यात टेबल फॅन लावावा.

नुकतीच पुसलेली ओली फरशी कोरडी होऊ द्यावी. पायमोजे घालून गुळगुळीत टाइल्सवर खेळू नये, आणि सतरंजी किंवा पातळ चटई पायाखाली सरकते म्हणून तीही गुंडाळून ठेवावी. अनवाणी पाय सर्वांत चांगले. खेळाच्या भरात माणूस नकळत पडद्याकडे सरकत जातो. हे टाळण्यासाठी टीव्हीपासून सहा ते आठ फुटांवर जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची रेघ मारावी आणि पाय तिच्या मागेच ठेवायचे असा नियम लहानमोठ्या सर्वांना सारखाच लावावा.

मनगटाचा पट्टा

वी बाजारात आल्यावर काही आठवड्यांतच रिमोट हातातून सुटून टीव्हीवर आदळल्याच्या तक्रारी आल्या आणि निन्टेंडोने डिसेंबर २००६ मध्ये अधिक जाड दोरीचे पट्टे बदलून देण्यास सुरुवात केली. तेव्हा पट्ट्यावाचून खेळू नये. जॉय-कॉनचा पट्टा बसवताना त्यावरचे अधिक किंवा उणे चिन्ह कंट्रोलरवरच्या चिन्हाशी जुळते का ते पाहावे. उलटा सरकवला तर तो खाचेत घट्ट अडकतो आणि ओढून काढताना पट्टी तुटू शकते. पट्टा पुरता सरकला की टोकाची कळ लावावी, दोरी मनगटावर हलकेच आवळावी आणि हात घामेजला की कोरडा करावा.

फटके कसे मारावेत

सुरुवात टेनिसने करावी. चेंडू आपल्या बाजूला टप्पा घेतो तेव्हा खांद्यापासून हात फिरवावा. नवखा खेळाडू जोरावर भर देतो, परंतु निकाल बहुतांशी वेळेवर ठरतो: उजव्या हाताने फोरहँड मारताना हात लवकर फिरवला तर चेंडू डावीकडे जातो, उशीर केला तर उजवीकडे. पहिला अर्धा तास गुणांकडे दुर्लक्ष करून केवळ हा फरक हाताला सवयीचा करावा. सर्व्हिस करताना चेंडू सर्वांत उंच बिंदूवर असताना फटका मारला की तो वेगाने जातो.

बॅडमिंटनचे आरंभीचे नियम एकोणिसाव्या शतकात पुण्यातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी बांधले, त्यामुळे हा खेळ आपल्या दिवाणखान्यात शोभूनही दिसतो. त्यात झेडआर बटण दाबून हात फिरवल्यास फूल (शटलकॉक) जाळीजवळ हळूच पडते. सतत स्मॅश मारण्यापेक्षा दोन लांब फटक्यांनंतर असे एक फूल टाकणे जास्त गुण मिळवून देते.

वीच्या बोलिंगमध्ये बी बटण दाबून हात मागे न्यायचा आणि पुढे आणताना ते सोडायचे असते. हात मागे असतानाच बटण सुटले तर चेंडू मागे उडतो आणि पडद्यावरचे प्रेक्षक दचकतात. मुलांना हे इतके आवडते की ती मुद्दाम चुकतात, आणि त्यांना तसे करू द्यावे.

शरीराची काळजी आणि नेहमीच्या अडचणी

२००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका डॉक्टरांनी वीवर कित्येक तास टेनिस खेळल्याने खांद्याच्या स्नायूबंधाला सूज आल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. हातात बॅटचे वजन नसल्यामुळे थकवा उशिरा जाणवतो आणि हात प्रमाणाबाहेर फिरवला जातो. म्हणून खेळण्याआधी खांदे व मनगटे पाच मिनिटे मोकळी करावीत, अर्ध्या-पाऊण तासाने थांबून पाणी प्यावे आणि दुखू लागल्यास त्या दिवशी खेळ बंद ठेवावा.

हात सरळ असूनही फटके वाकडे जात असतील, तर सिस्टीम सेटिंग्जमधील 'कंट्रोलर्स अँड सेन्सर्स' या भागात 'कॅलिब्रेट मोशन कंट्रोल्स' निवडावे आणि कंट्रोलर सपाट टेबलावर स्थिर ठेवून पडद्यावरील सूचनांप्रमाणे सेन्सर जुळवून घ्यावेत. हे काम हातात धरून किंवा सोफ्याच्या गादीवर केल्यास ते पुन्हा करावे लागते.

घरातल्या ज्येष्ठांना उभे राहणे कठीण असेल, तर त्यांच्यासाठी हात नसलेली भक्कम खुर्ची रेघेमागे ठेवावी आणि बोलिंग लावावे. कंट्रोलर खुर्चीच्या बाजूने मागे-पुढे नेता येतो, घाई करावी लागत नाही आणि प्रत्येकाची पाळी आली की पुरेसा वेळ मिळतो.