महिना संपायच्या आतच नेट मंद पडतं? डेटा कोण खाऊन राहिलं ते असं शोधा

प्लॅन अनलिमिटेड, आणि वीस-बावीस तारीख आली की नेट रांगायला लागतं, कस्टमर केअरला फोन लावला की तिकडून थंडपणे सांगतात, "सर, तुमची एफयूपी संपली." एफयूपी म्हणजे फुल स्पीडच्या डेटाचा ठरलेला कोटा. मग लोक काय करतात, एकतर फोनवर भांडतात नाहीतर चिडून दुप्पट पैशाचा प्लॅन घेऊन टाकतात. दोन्हीतलं काहीच करू नका. घरात डेटा जातो कुठं हे कळल्याशिवाय मोठा प्लॅन घेतला तर तोही तसाच संपतो, मी पाहिलंय.

अनलिमिटेडचा अर्थ इतकाच की नेट पूर्ण बंद पडणार नाही. फुल स्पीडचा कोटा वेगळा असतो, तो संपला की स्पीड खाली आणतात. मोठ्या कंपन्यांच्या फायबर प्लॅनमध्ये हा कोटा साधारण महिन्याला ३३०० जीबी दिसतो, तारेशिवाय येणाऱ्या एअर फायबरवर १००० जीबी, आणि गल्लीतल्या केबलवाल्याच्या प्लॅनमध्ये तो सांगेल तितका, म्हणून त्याला तोंडी विचारून सोडून देऊ नका, लिहून घ्या. ३३०० वाल्यांपैकी बहुतेकांना हा लेख लागणारच नाही. १००० किंवा त्याहून कमी असेल तर पुढं वाचा. मे महिन्यात तर नक्कीच वाचा, कारण नागपूरच्या उन्हात पोट्टे दिवसभर कूलरसमोर टीव्ही लावून पडलेले असतात, बाहेर जाता कोण.

पायरी १ : खरंच एफयूपी आहे का?

लॅपटॉप लॅन केबलनं राउटरला जोडा, वायफायवर नको, आणि थोड्या थोड्या वेळानं तीनदा स्पीडटेस्ट करा. दरवेळी जवळपास तोच आकडा आला, म्हणजे ३.८, ३.९, ३.८ असं, तर कंपनीनं स्पीड बांधलेला आहे. आकडा कधी ४० कधी ६ कधी २५ असा उड्या मारत असेल तर लाइनचा किंवा गर्दीचा प्रॉब्लेम आहे, त्याचा कोट्याशी संबंध नाही. राउटरवर लाल लाइट असेल तर सरळ लाइनमनला बोलवा.

पायरी २ : महिना कधी सुरू होतो ते पाहा

एक तारखेला नाही, तुम्ही रिचार्ज केला त्या तारखेला. कंपनीच्या ॲपमध्ये असतं.

पायरी ३ : दोन मिनिटांचा हिशेब

एकच आकडा लक्षात ठेवा. १ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १ मेगाबिट (८ बिटांचा १ बाइट), सतत चालू राहिलं तर तासाला ०.४५ जीबी, दिवसाला जवळपास ११ जीबी, महिन्याला ३२४ जीबी. म्हणजे १००० जीबीचा कोटा हा चोवीस तास चालणाऱ्या फक्त ३ एमबीपीएसमध्ये संपतो, आणि लोकांना वाटतं की १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे म्हणजे लय डेटा आहे. स्पीड वेगळा, कोटा वेगळा. १०० एमबीपीएस फुल चालवलं तर एका दिवसात १०८० जीबी होतात, कोटा त्याच दिवशी खल्लास.

आता टीव्ही. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि फोर-केला ७ जीबीपर्यंत लागतात. घरात दोन टीव्ही, दोन्ही रोज चार तास एचडी, तर दिवसाचे २४, महिन्याचे ७२०. तुमच्या घरचा हिशेब असा मांडा आणि ॲपमधल्या आकड्याशी ताडून पाहा. जुळला तर चोर वगैरे कोणी नाही, तुम्हीच पाहून राहिले, पायरी ५ वर जा. हिशेब ४०० चा आणि ॲपमधला मीटर ९०० दाखवतो असं असेल तर खरं काम आता सुरू होतं.

पायरी ४ : चोर पकडणे

याच पायरीनं मला सगळ्यात जास्त छळलंय आणि इंटरनेटवर याबद्दल जे सल्ले मिळतात ते अर्ध्याहून जास्त बेकार आहेत. "वायफाय चोर पकडा" टाइपची ॲप्स घेऊ नका, ती फक्त कोण जोडलेलं आहे ते दाखवतात, कोण किती खातं ते नाही. व्हीपीएन (डेटा झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) लावून एफयूपी चुकवता येते असं सांगणारे तर भेटतातच. नाही चुकवता येत भाऊ. मोजणी तुमच्या यूजर आयडीवर कंपनीच्या सर्व्हरवर होते, डेटाच्या पाकिटात काय आहे याच्याशी तिला देणंघेणं नाही, उलट व्हीपीएननं थोडा डेटा जास्तच जातो. राउटर बदलला तरी तेच.

पहिली गोष्ट, मीटर उशिरा चालतो. तुमचं कनेक्शन लागलं की एक सेशन सुरू होतं आणि राउटर बंद पडेपर्यंत तेच चालू राहतं. काही कंपन्या दर थोड्या वेळानं आकडा पुढं पाठवतात, पण काहींकडे, विशेषतः लहान केबलवाल्यांकडे, सेशन तुटल्यावरच पूर्ण आकडा चढतो. म्हणूनच तर लोक म्हणतात की "काल एका दिवसात ८० जीबी गेले, काहून गेले?" ते एका दिवसात गेलेले नसतात, आठ दिवस साचलेले असतात, काल लाइट गेली, राउटर बंद झाला आणि सगळे एकदम चढले. म्हणून टेस्ट करायच्या आधी राउटर बंद करून पाच मिनिटांनी चालू करा, ॲपमधला आकडा लिहा, आणि टेस्ट संपल्यावर पुन्हा बंद-चालू करून मगच दुसरा आकडा लिहा. हे केलं नाही तर पुढचं सगळं वाया.

दुसरी गोष्ट, अपलोडही मोजतात. बहुतेक ठिकाणी डाउनलोड आणि अपलोडची बेरीज कोट्यातून कापली जाते, आणि घरातले चोर जास्त करून अपलोडवालेच असतात कारण ते कोणाला दिसत नाहीत.

आता टेस्ट. रात्री सगळे झोपले की वायफायचा पासवर्ड बदला. प्रत्येक फोन, टीव्ही, टॅब शोधून बंद करत बसू नका, एखादं राहतंच, पासवर्ड बदलला की सगळे एका झटक्यात बाहेर. शेजारचा कोणी तुमच्या वायफायवर असेल तर तोही गेला. पण, आणि इथं ९० टक्के लोक फसतात, पासवर्ड बदलल्यानं लॅन केबलनं जोडलेलं काहीच निघत नाही. राउटरच्या मागे जाऊन पाहा आणि कंपनीची लाइन सोडून बाकी सगळ्या केबली उपसा. सकाळी राउटर बंद-चालू, आकडा पाहा. रात्रीतून काहीच गेलं नसेल तर मीटर बरोबर आहे आणि चोर घरातला आहे. सगळं काढूनही जीबीमध्ये डेटा गेला तर कंपनीशी बोलायचं, त्याचं खाली सांगतो.

मग एक-एक करून जोडत जायचं. रोज दोन-तीन वस्तू, प्रत्येकीनंतर आकडा लिहायचा. कंटाळवाणं आहे, घरचे ओरडतात, पण याला शॉर्टकट नाही.

नागपुरात मानेवाड्याला ओळखीच्या एका काकांकडे १००० जीबीचं कनेक्शन होतं आणि बारा दिवसांत साफ व्हायचं. घरात काका-काकू दोघंच, संध्याकाळी यूट्यूबवर बातम्या आणि काकूंचं कीर्तन, बस. काकांचा संशय वरच्या भाडेकरूवर, पासवर्ड दोनदा बदलून झालेला, भाडेकरूशी बोलणं बंद. राउटर पाहिला तर सगळं बंद असतानाही एका पोर्टचा हिरवा लाइट थांबायचं नाव घेईना, सारखा फडफडत होता. त्या पोर्टातून निघालेली निळी केबल खिडकीच्या चौकटीवरून जाऊन कपाटावर ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या डीव्हीआरला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याला, लागलेली. चार कॅमेरे. आता डीव्हीआर हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करतो, त्याला नेट लागत नाही, पण काकांचा पोरगा हैदराबादला आणि त्यानं आई-बाबांची काळजी म्हणून तिकडं एका टॅबवर चारही कॅमेरे दिवसरात्र लाइव्ह लावून ठेवले होते. एक कॅमेरा २ एमबीपीएस धरला तरी चारांचे ८, दिवसाला ८६ जीबी, बारा दिवसांत हजार पार. सगळा अपलोड. नेटफ्लिक्स तर त्या घरात कोणी पाहतही नाही!

म्हणून कॅमेरा असेल तर आधी कॅमेराच तपासा, माझं ठाम मत आहे. त्यानंतर फोटोंचा बॅकअप, नवीन फोन घेतल्यावर तर हमखास. मग टीव्हीला लावलेली स्ट्रीमिंगची स्टिक, कारण टीव्ही रिमोटनं बंद केला तरी स्टिक मागं यूट्यूब चालवत राहू शकते. मग पोट्ट्याच्या गेमचे अपडेट, आणि टोरेंट (लोकांच्या पीसीवरून फाइली उतरवायची सोय) कोणी वापरत असेल तर डाउनलोड संपल्यावरही तो अपलोड करत राहतो हे विसरू नका.

राउटरच्या पेजवर, १९२.१६८.१.१ किंवा डब्याच्या खाली जो नंबर छापलाय तो, जोडलेल्या वस्तूंची यादी दिसते, काही राउटरमध्ये कोणी किती डेटा वापरला तेही. पण ते आकडे राउटर बंद झाला की शून्यावर येतात, त्यामुळं उन्हाळ्यात आमच्याकडे जशी लाइट जाते त्यात महिनाभराचा हिशेब तिथून मिळेल अशी आशा ठेवू नका. आणि यादी पाहून घाबरू नका. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक ॲड्रेस (प्रत्येक उपकरणाचा ओळख नंबर) देत नाहीत, बनावट देतात, त्यामुळं फोनच्या सेटिंगमधला नंबर राउटरच्या यादीतल्या नंबरशी जुळत नाही. त्यात वायफायची २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन वेगळी नावं असतील तर तुमचाच एक फोन दोन अनोळखी फोन म्हणून दिसतो, आणि लोक शेजाऱ्याच्या नावानं शंख करतात. टेस्टपुरतं घरच्या वायफायसाठी ते रँडम मॅक बंद करून टाका.

फोनमध्ये वायफाय डेटा यूसेज आणि विंडोजमध्ये डेटा यूसेज, दोन्हीकडे कोणत्या ॲपनं किती खाल्लं ते दिसतं. टीव्हीवर बहुतेक वेळा काहीच कळत नाही.

पायरी ५ : बंदोबस्त

कॅमेऱ्याचं लाइव्ह सबस्ट्रीमवर आणा, म्हणजे कमी क्वालिटीचं, चेहरा कळला की झालं. क्लाउड रेकॉर्डिंग असेल तर हालचाल झाली तरच रेकॉर्ड होईल असं करा. काकांच्या पोराला फोन करून एवढंच सांगितलं, प्लॅन तोच आहे.

टीव्ही ३२ इंची असेल तर फोर-के कशाला पाहिजे? नेटफ्लिक्सच्या अकाउंटमध्ये प्लेबॅक सेटिंग मीडियम करा. यूट्यूबचा ऑटोप्ले बंद. विंडोजमध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये जाऊन इतर पीसीवरून डाउनलोडचा पर्याय बंद करा, नाहीतर तुमचा पीसी दुसऱ्यांना अपडेट वाटत बसू शकतो. गेम रात्री अपडेट होऊ द्या असं जुने लोक सांगतात, त्याचा आता काही उपयोग नाही, ते बीएसएनएलच्या जुन्या प्लॅनमध्ये रात्री २ ते ८ फुकट असायचं तेव्हाचं आहे, अलार्म लावून उठायचे लोक. आता दिवसा गेला काय न रात्री गेला काय, कोट्यातूनच जातो.

पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं ठेवा.

पायरी ६ : कंपनीशी बोलायचं असेल तर

सगळं काढूनही मीटर फिरला तरच. रिकाम्या हातानं फोन करू नका, टेस्टच्या आधीचे आणि नंतरचे मीटरचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट ठेवा. थोडाफार फरक असेल तर सोडून द्या, कंपनी हजारनं मोजते आणि काही सॉफ्टवेअर १०२४ नं, त्यात ३३०० चे ३०७३ दिसतात, ती चोरी नाही.

ट्रायनं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं, २०१६ मध्येच कंपन्यांना सांगून ठेवलंय की फिक्स्ड ब्रॉडबँडवाल्याला कोटा ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्के झाला की एसएमएस किंवा ईमेलनं कळवा, आणि कोटा संपला तरी स्पीड ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नका. तुम्हाला असे मेसेज येतच नसतील तर आधी पाहा की कनेक्शनवर नंबर कोणाचा आहे, कित्येक ठिकाणी तो केबलवाल्याच्या पोऱ्याचाच टाकलेला असतो. नवीन प्लॅन घेताना कोटा संपल्यावरचा स्पीड विचारायचाच. २ किंवा ४ एमबीपीएस असेल तर महिन्याचा शेवटचा आठवडा निघून जातो, साधा व्हिडिओ चालतो, ऑफिसचा कॉलही चालतो. ५१२ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ६४ केबी, त्यात वर्क फ्रॉम होम विसरा. असा प्लॅन कितीही स्वस्त मिळो, मी तरी कोणाला घेऊ देत नाही.

तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी नंबर, घ्या, नंबर दिला नाही तर तक्रार झालीच नाही असं समजा. तिथं काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपेलेट अथॉरिटीकडे अपील करता येतं, ते फुकट असतं आणि कंपनीच्या वेबसाइटवर त्यांचा पत्ता द्यावाच लागतो. ट्रायला थेट लिहून फायदा नाही, ते एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत. आणि केबलवाल्याचं कनेक्शन असेल तर त्याच्या पोऱ्याशी भांडू नका, त्याच्या हातात काही नसतं, बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे तिथं तक्रार टाका.