बेसशिवाय कार सीट: तान्ह्या बाळाला घेऊन प्रवास करताना

रोजच्या गाडीत तान्ह्या बाळाची कार सीट बेसवर, म्हणजे गाडीच्या आसनावर आधीच घट्ट बसवून ठेवलेल्या खालच्या भागावर, ठेवली की खटकन बसते. त्यामुळे ती नुसत्या सीटबेल्टने बांधायची वेळ बहुतेकांवर पहिल्यांदा येते ती टॅक्सीत. तिथे ड्रायव्हर घाईत असतो, बाळ रडत असतं आणि पट्टा कुठून घालायचा हेच उमगत नाही. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी बेस काढून ठेवा आणि सीट फक्त बेल्टने बांधायचा सराव करा, जमलं तर दोन वेगळ्या गाड्यांमध्ये. काही सीटना बेसशिवाय वापरायची परवानगीच नसते. मॅन्युअलमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं असतं. आपली सीट तशी निघाली तर प्रवासासाठी दुसरी बघावी लागेल, किंवा बेस सोबत न्यावा लागेल.

पट्टा घालण्याच्या पद्धती दोन. एकीत पोटावरचा आणि खांद्यावरचा असे दोन्ही पट्टे एकत्र, सीटच्या दोन्ही बाजूंच्या खाचांतून नेतात. हिला अमेरिकन पद्धत म्हणतात. युरोपीय पद्धतीत पोटावरचा पट्टा खाचांतून जातो आणि खांद्यावरचा पट्टा सीटच्या पाठीमागून वळसा घेऊन तिथल्या खाचेत अडकतो. बऱ्याच सीटवर या खाचा निळ्या रंगाने दाखवलेल्या असतात. युरोपीय पद्धतीत सीट जास्त घट्ट राहते, पण तिला पट्टा लांब लागतो, आणि जुन्या गाड्यांत तो कधीकधी अपुरा पडतो. तसं झालं तर मॅन्युअलमध्ये दिलेली दुसरी पद्धत वापरा. ती दिलेली नसेल तर गाडी बदला. बेल्ट लांब करणारे जोडपट्टे किंवा मनाने शोधलेला मार्ग, दोन्ही नकोत.

बांधण्याचा क्रम असा:

१. सीट गाडीच्या मागच्या आसनावर ठेवा, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे येईल अशी. समोर एअरबॅग चालू असेल तर पुढच्या आसनावर ती कधीच ठेवू नका. एअरबॅग फुगताना नेमकी बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते.

२. पट्टा पीळ न पडू देता खाचांतून घाला आणि बक्कल लावा.

३. एका हाताने सीट खाली दाबून दुसऱ्या हाताने पोटावरचा पट्टा ओढा, मग उरलेली ढील खांद्याच्या पट्ट्यातून काढा. दाबायला जोर लागतो, म्हणून बाळ अजून सीटमध्ये नको.

४. अमेरिकन पद्धतीत पट्टा लॉक करावा लागतो. बहुतेक गाड्यांत खांद्याचा पट्टा हळूहळू पूर्ण बाहेर ओढून परत सोडला की टकटक आवाज येतो आणि तो पुन्हा बाहेर येत नाही. ही सोय सगळ्या गाड्यांत नसते. मग पोटाचा आणि खांद्याचा पट्टा एकत्र पकडून ठेवणारी धातूची लॉकिंग क्लिप लागते, आणि ती बक्कलच्या जिभेपासून २.५ सेंटिमीटरच्या आत बसवायची असते. वजनाला नगण्य असलेली ही क्लिप बॅगेत असावीच.

५. पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून, ज्या हाताने आपण लिहीत नाही त्या हाताने हलवून पाहा. २.५ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. डोक्याकडची बाजू मात्र थोडी हलतेच. तिला धरून झटके देऊन काही कळत नाही.

६. हँडल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्थितीत आणा. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

गाडीचं बक्कल लांब दांडीचं असलं तर ते नेमकं सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर टेकतं. अपघातात त्यावर वाकडा ताण पडून ते तुटू किंवा उघडू शकतं. अशा वेळी शेजारचं आसन वापरून पाहा. काही गाड्यांत मागचे पट्टे धडकेत हवा भरून फुगणारे असतात. अनेक कार सीटना ते चालत नाहीत, म्हणून पट्टा नेहमीपेक्षा जाड लागला तर थांबा.

आता कल. सीट फार उभी राहिली की तान्ह्या बाळाचं डोकं पुढे पडतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. फार आडवी झाली तर धडकेत बाळ वर सरकतं. सीटच्या बाजूला रेघ किंवा बुडबुडा असतो, तो गाडी सपाट जमिनीवर उभी असताना पाहायचा. घट्ट गुंडाळलेला टॉवेल आसनाच्या खोबणीत ठेवून कल सुधारता येतो, पण मॅन्युअलची परवानगी असेल तरच.

हार्नेसचे, म्हणजे बाळाला सीटमध्ये बांधणाऱ्या पट्ट्यांपैकी, खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्यांच्या पातळीवरून किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत. खांद्यापाशी पट्टा उभा चिमटीत धरून पाहा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे. छातीवरची क्लिप असेल तर ती काखेच्या पातळीवर हवी. जाड स्वेटर, जॅकेट काढूनच बांधायचं, कारण धडकेत कापसाचा फुगवटा दबतो आणि घट्ट वाटलेला पट्टा सैल पडतो. थंडी असेल तर बांधून झाल्यावर वरून पांघरूण घाला. बाळाच्या पाठीमागे किंवा खाली, सीटसोबत न आलेली गादी वा उशी घालू नका. उन्हात उभ्या गाडीत बक्कल चटका देण्याइतकं तापतं, आधी हात लावून पाहा.

दर दोन तासांनी बाळाला सीटमधून बाहेर काढायचं, झोपलं असलं तरी. पहिल्या काही आठवड्यांत तर अर्ध्या तासापेक्षा लांबचे टप्पे टाळावेत, आणि बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना विचारावं. दूध पाजणं गाडी थांबवूनच. मुक्कामी पोचल्यावर झोपलेल्या बाळाला सीटमध्येच राहू देण्याचा मोह होतो, पण सपाट जमिनीवर सीटचा कल बदलतो आणि मान पुन्हा पुढे पडते. शिवाय पट्टे अर्धवट सोडले की बाळ खाली घसरून गळ्याला फास बसू शकतो. सीट टेबलावर किंवा मऊ गादीवर ठेवणं तर नकोच: एकीकडे पडण्याची भीती, दुसरीकडे उलटून नाक दबण्याची.

विमानात सीट न्यायची तर बाळासाठी वेगळं तिकीट काढा. विमानाच्या पट्ट्याला खांद्याचा भाग नसतो, म्हणून फक्त पोटावरच्या पट्ट्याने बसणारी सीटच तिथे चालते. निव्वळ युरोपीय पद्धतीने बसणारी सीट घेऊन गेलात तर दारातच अडचण होईल. विमानासाठी मान्यता असल्याचं लेबल सीटवर शोधा, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि कंपनीला सीटची रुंदी आधीच कळवा. जागा खिडकीची घ्या, इतरांची वाट अडत नाही. आपत्कालीन दाराची रांग मिळणार नाही. फुगणाऱ्या पट्ट्याची आसनंही बाद. बांधताना हाताचा टेका वर उचला. पट्टा ओढल्यावर बक्कल सीटच्या खाचेत गेलं तर त्याचं झाकण उघडतंय का, हे बाळाला बसवण्यापूर्वीच तपासा. आपल्या पुढच्या प्रवाशाची पाठ मागे झुकणार नाही, ते त्याला बसतानाच सांगून टाकलेलं बरं.

सीट सामानात द्यायची वेळ आली तर काउंटरपेक्षा विमानाच्या दारात दिलेली चांगली, आपटाआपटी कमी होते. आतल्या फोमला पडलेली चीर कापडाखाली दिसत नाही. परत मिळाल्यावर कापड सोडवून फोम पाहा, कवचावर बारीक भेगा आहेत का पाहा, हार्नेस ओढून-सोडून बघा.

भाड्याची सीट हा शेवटचा पर्याय. ती कोणत्या अपघातातून आली हे आपल्याला कळायचा मार्ग नसतो. घ्यावीच लागली तर उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, मॅन्युअल, बाळाच्या वजन-उंचीची मर्यादा सांगणारं लेबल आणि सगळे सुटे भाग तिथल्या तिथे तपासा, आणि काउंटरवरून हलण्यापूर्वी ती गाडीत बांधून पाहा. यातलं एक जरी नसेल तर दुसरी मागा.