धुळ्याच्या जुन्या पेठेत एक दिवस: कागदपत्रे कशी पाहावीत

धुळ्याला येणारे पाहुणे बहुधा लळिंगचा किल्ला पाहतात, एकवीरा देवीचे दर्शन घेतात आणि परततात. पेठेत शिरलेच तर खरेदीपुरते. परंतु या शहराचे खरे धन रुमालांत बांधलेल्या जुन्या कागदांत आहे आणि ते पाहण्यासाठी एक अख्खा दिवस राखून ठेवावा, असे मी आवर्जून सांगेन.

त्यासाठी कार्तिक ते माघ हा काळ निवडावा, कारण उन्हाळ्यात दुपारी गल्ल्यांतून चालणे सोसत नाही. निघण्यापूर्वी राजवाडे संशोधन मंडळ आणि श्री समर्थ वाग्देवता मंदिर या दोन्ही संस्थांशी संपर्क साधून सुटीचा वार आणि उघडण्याची वेळ विचारून घ्यावी. हस्तलिखिते पाहायची असतील, तर कोणत्या विषयाची, हेही तेव्हाच कळवावे. आयत्या वेळी दप्तर सोडून दाखवणे कोणालाही अवघड जाते. मोडीची मुळाक्षरे आठवडाभर आधी गिरवून आल्यास समोरच्या पत्रातली दोन नावे जरी लागली, तरी होणारा आनंद निराळा असतो.

पेठेत वाट चुकण्याची भीती नाही. इंग्रजी अंमल आल्यावर कॅप्टन ब्रिग्ज यांनी 1819 च्या सुमारास धुळे हे खानदेशाचे मुख्य ठाणे केले आणि नवी पेठ सरळ रस्त्यांनी आखून वसवली. येथील गल्ल्या आजही क्रमांकाने ओळखल्या जातात, त्यामुळे पत्ता विचारताना क्रमांक सांगितला की पुरते.

सकाळ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळासाठी ठेवावी. मराठ्यांच्या इतिहासाची अस्सल साधने मिळवण्यासाठी राजवाडे गावोगावी, वाड्यावाड्यांतून फिरले. 1898 मध्ये त्यांच्या साधनांचा पहिला खंड निघाला आणि पुढे अशा खंडांची संख्या 22 झाली. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, 1927 मध्ये, त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी हे मंडळ उभे राहिले. येथील जुन्या मूर्ती अवश्य पाहाव्यात, पण त्यातच वेळ संपवू नये. कागद दाखवला गेला, तर हात कोरडे असावेत, पान कडेने धरावे, शाईवर बोट फिरवू नये आणि छायाचित्रासाठी परवानगी मिळाली तरी फ्लॅश वापरू नये. घाईने दहा पत्रे पाहण्यापेक्षा एकाच पत्राचा मायना, मजकूर आणि शेवट नीट समजून घेणे मला अधिक मोलाचे वाटते.

दुपारी हिवाळ्यातले वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली, तर दुसरे काही शोधू नये.

त्यानंतर श्री समर्थ वाग्देवता मंदिरात जावे. नावात मंदिर असले, तरी येथे पूजेचा मान ग्रंथांना आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठ पालथे घालून जी हस्तलिखितांची बाडे जमवली, ती येथे जतन केली आहेत. समर्थांच्या हस्ताक्षरातील मानली जाणारी वाल्मीकि रामायणाची पोथी याच संग्रहातली, म्हणून तिच्याविषयी आधीच विचारून ठेवावे. राजवाडे आणि देव या दोघांनीही पायपीट करून कागद वाचवले, हे ध्यानात ठेवून एकाच दिवशी दोन्ही संग्रह पाहिले, म्हणजे प्रत्येक पानामागचे कष्ट जाणवतात. याच शहराच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हेही सोबतच्या मुलांना येथेच सांगावे.

संध्याकाळी पूल ओलांडून देवपुरात, पांझरेच्या काठी एकवीरा देवीच्या मंदिरात जावे. खानदेशातल्या अनेक घराण्यांची ही कुलदेवता आहे. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला येथे मोठी गर्दी असते. ती यात्रा पाहायची असल्यास स्वतंत्र दिवस काढावा, कागदपत्रांच्या भेटीशी तिची सांगड घालू नये.