मॉडेल करायला वर्कशॉपमध्ये जाताय? आधी आयकार्ड उतरवा

बंद बूट, बांधलेले केस, गॉगल हे सांगायला नकोच. ओढणी, कडं, अंगठी बॅगेत. आणि गळ्यातलं आयकार्ड काढा. गेटवर दाखवायचं म्हणून ते सकाळपासून गळ्यातच असतं, मग ते आहे हेच लक्षात राहत नाही. मागच्या खेपेला माझं नेमकं तेच राहिलं. ड्रिल मशीनवर वाकले तर ॲप्रनमधून निसटलेली दोरी फिरत्या चकपासून (ड्रिलचं पातं धरणारा भाग) बोटभर अंतरावर लोंबत होती. तेव्हा ॲप्रनच्या आत खोचून भागत नाही. काढाच.

फिरत्या मशीनवर हातमोजेही नकोत, कापड अडकलं की मागोमाग हात आत जातो. ते रंगकामासाठी ठेवा. एन९५ मास्क धूळ अडवतो, थिनरची वाफ नाही. स्प्रे मारायचा तर सेंद्रिय वाफांसाठीच्या कार्ट्रिजचा मास्क हवा.

साहित्य घेताना नीट विचारून घ्या. थर्माकोल गरम तारेने कापतात, पीयू (पॉलियुरेथेन) फोम तसा कापू नये. धूर विषारी असतो. त्याला करवत आणि पॉलिश पेपर. थर्माकोलवर थेट स्प्रे मारला तर तो विरघळतो, म्हणून आधी एका तुकड्यावर मारून बघा. लेझर कटरवर पीव्हीसी घालायचंच नाही, त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते. सनबोर्डही बहुतेकदा पीव्हीसीचाच असतो, दुकानदार काहीही म्हणो.

बँडसॉचं (पट्ट्याच्या करवतीचं) गार्ड तुकड्याच्या वर जेमतेम 5-6 मिलिमीटर ठेवा. लहान तुकडा बोटांनी ढकलू नका, लाकडी पट्टी घ्या. ड्रिलवर तुकडा वाइसमध्येच (शिकंज्यात) धरा आणि चकची किल्ली काढून ठेवा. डिस्क सँडरवर चकती जिथे खाली जाते त्याच बाजूला घासा. दुसऱ्या बाजूला ती तुकडा उचलून तोंडावर फेकते. प्रत्येक मशीनचं लाल बटण कुठे आहे ते आधी पाहून घ्या. आणि हिरवं दाबण्याआधी गळ्याला हात लावून बघा. चहा पिऊन परत आलात, तरी पुन्हा बघा. चहाला जाताना कार्ड परत गळ्यात येतं.

पुढचं थोडक्यात. पॉलिश पेपर 80, 120, 220 नंबर या क्रमाने, मग पुट्टी, घासणं, प्रायमर, शेवटी 400 नंबरचा पेपर. पावसाळ्यात दमट हवेत लॅकर पांढरं पडतं, उघडीप बघून मारा. थिनरचे बोळे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. मशीन बंद, झाडू, दिवे.