चिठ्ठीवरील औषध देताना आणि त्याची बाधा ओळखताना

विदर्भातील आठवडी बाजाराच्या दिवशी औषध दुकानात चिठ्ठी घेऊन येणारा माणूस पुष्कळदा स्वतः रुग्ण नसतो. घरातील म्हाताऱ्या आईची किंवा शेजारच्या बाईची चिठ्ठी खिशात घालून तो किराण्यासोबत औषधही घेऊन जात असतो. त्यामुळे औषध कोणासाठी आहे, त्या व्यक्तीचे वय काय, ती गरोदर किंवा अंगावर पाजणारी आहे का, आधी कोणत्या औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या का आणि सध्या दुसऱ्या दवाखान्याची कोणती गोळी सुरू आहे, हे प्रश्न चिठ्ठी हातात घेतल्याबरोबर विचारावेत. चिठ्ठीवरची तारीखही पाहावी, कारण गेल्या पोळ्याच्या सुमारास लिहिलेली प्रतिजैविकाची चिठ्ठी यंदाच्या तापासाठी पुन्हा दाखवली जाते. रिकामी पट्टी दाखवून 'हेच द्या' म्हणणाऱ्याला नकार देणे दुकानदाराला जड जाते, हे खरे. पण १९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची एच आणि एच-१ मधील औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. एच-१ मध्ये सेफिक्झिम, ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम आणि क्षयरोगाची औषधे येतात. त्यांच्या विक्रीत डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेले प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपावी लागते.

कपाटातून औषध काढताना नाव पूर्ण वाचावे, अर्धे वाचून हात पुढे करू नये. हायड्रॉक्सीझिन खाजेवरचे आणि हायड्रालाझिन रक्तदाबावरचे, पण घाईत लिहिलेल्या अक्षरांत दोन्ही एकसारखी दिसतात. अक्षर लागत नसेल तर अंदाज न करता डॉक्टरांना फोन करावा. मेथोट्रेक्सेटची चिठ्ठी आली तर हातातले काम थांबवूनच ती वाचावी: सांधेवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि ती रोज घेतली गेल्यास रक्तपेशी घटून, तोंडात जखमा होऊन रुग्ण दगावू शकतो. पाकिटावर 'फक्त सोमवारी' असा वार ठळक लिहावा आणि तो वार घेणाऱ्याकडून वदवून घ्यावा.

पट्टी कापण्याचेही एक तंत्र आहे. मुदत आणि बॅच क्रमांक बहुधा पट्टीच्या एका टोकाला छापलेले असतात, म्हणून दुसऱ्या टोकाकडून कापत जावे, म्हणजे दुकानात उरलेल्या तुकड्यावर ते राहतात. ग्राहकाच्या तुकड्यावर मात्र ते नसतात, त्यामुळे पाकिटावर औषधाचे नाव, ताकद, मुदत आणि बॅच हाताने लिहावे. वाचता न येणाऱ्यांसाठी सकाळी सूर्य आणि रात्री चंद्र काढणे पुरेसे होते. '१-०-१' असे लिहून दिल्यास त्याचा अर्थ घरी कोण लावणार?

मे महिन्यात चंद्रपूर, वर्धा, अकोला येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या छपराखालील दुकानात तीस अंशांखाली ठेवायची औषधे कशी राहत असतील, याचा विचार केलेला बरा. न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये; घरी फ्रिज नसलेल्या रुग्णाला वापरातली कुपी घट्ट झाकणाच्या डबीत घालून ओल्या मडक्यात ठेवायला सांगावे.

औषधाची बाधा साधारण दोन प्रकारची असते. पहिली औषधाच्या मूळ गुणातूनच, मात्रेनुसार येते आणि ती आधी सांगता येते: रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनने घोट्यावर सूज येते, रक्तदाबाच्याच रॅमिप्रिलने कोरडा खोकला लागतो, आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइड घेऊन उपाशी निंदणाला गेलेल्या बाईला घाम सुटून घेरी येते. म्हणून ही गोळी देताना 'मावशी, जेवणाशिवाय ही घ्यायची नाही जी' एवढे बोलणे औषधाइतकेच आवश्यक आहे. दुसरी बाधा मात्रेवर फारशी अवलंबून नसते. ती त्या व्यक्तीच्या प्रतिकारशक्तीतून किंवा जन्मजात रचनेतून येते, त्यामुळे ती कोणाला होईल हे आधी कळत नाही. पेनिसिलिनची अॅलर्जी या प्रकारातली.

लघवीचा रंग या बाबतीत पुष्कळ सांगतो. क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते. ती निरुपद्रवी असते, पण आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरून गोळ्या सोडतो. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागात प्रायमाक्विन १४ दिवस दिले जाते, आणि ज्याच्या रक्तात जी-६-पी-डी या विकराची (एन्झाइमची) कमतरता आहे त्याच्या तांबड्या पेशी त्याने फुटून लघवी काळ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, दम लागतो. अशा वेळी गोळी तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे लागते. सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाचे डोळे एरवीही पिवळसर असू शकतात, त्यामुळे त्याच्या बाबतीत डोळ्यांवरून अंदाज न करता लघवीचा रंग आणि थकवा विचारावा.

खरिपात आणखी एक घोळ होतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना शेतकरी व मजूर विषबाधेने दगावले होते. मळमळ, धूसर दिसणे आणि भरपूर घाम ही तक्रार घेऊन आलेल्याला 'गोळी बाधली असेल' असे म्हणण्याआधी आज फवारणी केली का, हे विचारावे. लाळ गळत असेल आणि बाहुल्या बारीक झाल्या असतील तर दुकानात एक क्षणही थांबवू नये.

ओठ-जीभ सुजणे, श्वास लागणे किंवा गांधींसोबत चक्कर येणे, यावर १०८ ला फोन हाच उपाय. मिरगीवरचे कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन, युरिक अॅसिडवरचे अॅलोप्युरिनॉल किंवा कोट्रायमोक्झॅझोल हे प्रतिजैविक सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तापासह पुरळ, तोंडात फोड, लाल डोळे दिसले तर संशयित औषध बंद करून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावे. साखर उतरलेला रुग्ण शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पण ग्लिमेपिराइडचा परिणाम लांबतो, म्हणून बरे वाटले तरी दवाखान्यात पाठवावे. उलट, खोकला किंवा पायाची सूज यांसाठी दुकानदाराने स्वतःहून गोळी बंद करू नये. मिरगीची औषधे, रक्तदाब-हृदयाचे मेटोप्रोलॉल आणि बरेच दिवस घेतलेले प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड अचानक सोडणे बाधेपेक्षा घातक ठरू शकते.

बाधेचा संशय आला की नोंद करावी. औषधानेच ती झाली याची खात्री असण्याची गरज नाही. औषधांच्या बाधांची नोंद ठेवणारा भारतीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला असून त्याचे राष्ट्रीय केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे, आणि १८००-१८०-३०२४ हा त्याचा नि:शुल्क क्रमांक आहे. रुग्णाची आद्याक्षरे, वय, काय झाले, कोणते औषध, ते कधी सुरू केले आणि कळवणारा कोण, एवढी माहिती जमवून ठेवावी. रुग्णाला स्वतःलाही कळवता येते. बॅच क्रमांक तर हवाच: २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातील मुलांचे मूत्रपिंड डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने निकामी झाले, त्यांतील अनेकांना नागपूरला आणावे लागले, आणि अशा प्रसंगी कोणत्या बाटल्या कोणत्या घरी गेल्या हे बिलावरच्या बॅचवरूनच शोधता येते. खोकल्याचे औषध दिलेल्या मुलाला लघवी कमी झाल्याचे आई सांगत असेल तर त्याला लगेच रुग्णालयात पाठवावे, उरलेली बाटली फेकू न देता तिच्याकडून घ्यावी आणि त्याच बॅचचा दुकानातील माल वेगळा काढून अन्न व औषध प्रशासनाला कळवावे.